शिक्का नको, करार हवा

ऑगस्ट २०१२ मध्ये कराचीच्या बलदिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कपड्यांच्या कारखान्याला ‘एसए ८०००’ हे प्रमाणपत्र मिळालं. इथे बालमजुरी नाही, कामाची जागा सुरक्षित आहे, आगीपासून बचावाची सोय आहे, याची ग्वाही देणारं हे प्रमाणपत्र जगभरचे खरेदीदार मानतात. काही आठवड्यांतच, ११ सप्टेंबरला, त्या कारखान्याला आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेर पडायच्या वाटा बंद होत्या. अडीचशेहून जास्त माणसं आत जळून, गुदमरून मेली. ही आग खंडणीच्या वादातून मुद्दाम लावली गेली, असा निकाल पुढे २०२० मध्ये पाकिस्तानातल्या न्यायालयानं दिला. आग कोणी लावली, याचं उत्तर त्या निकालात आहे. ती लागल्यावर माणसांना दारापर्यंत का पोचता आलं नाही, हे मात्र प्रमाणपत्र देण्यापूर्वीच कोणीतरी बघायला हवं होतं.

एथिकल फॅशनची, म्हणजे कामगारांवर अन्याय न करता बनवलेल्या कपड्यांची, चर्चा करताना मला पहिल्यांदा हा कारखाना आठवतो, कारण या चळवळीचा बराचसा डोलारा अशाच कागदांवर उभा आहे. कपड्याला एक छोटं कार्ड लटकवलेलं असतं. त्यावर हसणाऱ्या बाईचा फोटो, तिच्या गावाचं नाव, आणि तुमच्या या खरेदीमुळे तिची मुलं शाळेत जातात अशा अर्थाचं एखादं वाक्य. लंडनच्या किंवा टोकियोच्या दुकानात उभा असलेला गिऱ्हाईक चार पैसे जास्त देतो आणि समाधानानं घरी जातो. त्याच्या भावनेबद्दल मला शंका नाही. दूरदेशीच्या अनोळखी बाईचं भलं व्हावं असं वाटणं ही चांगलीच गोष्ट आहे, आणि कपड्यांच्या धंद्यातून गरीब देशांतल्या बायकांचं खरोखर भलं होऊ शकतं असं माझंही ठाम मत आहे. पण ते कार्डावरच्या फोटोतून होत नाही. गरीब देशातल्या शिवणकाम करणाऱ्या बाईला बळ मिळालं की नाही, हे ओळखायची माझ्या मते एकच खूण आहे: तिला मालकाला ‘नाही’ म्हणता येतं का, आणि म्हटल्यावर तिची नोकरी टिकते का.

यासाठी बांगलादेशकडे नीट बघायला हवं, कारण या प्रश्नाची उजळ आणि काळी अशा दोन्ही बाजू तिथे एकाच ठिकाणी दिसतात.

१९७४ पासून श्रीमंत देशांनी कापडाच्या आणि कपड्यांच्या आयातीवर देशवार कोटा लावला. दक्षिण कोरियासारख्या देशांचा कोटा भरला, तेव्हा तिथल्या कंपन्या कोटा नसलेले देश शोधू लागल्या. १९७९ मध्ये चट्टग्रामच्या देश गारमेंट्स या कंपनीनं कोरियाच्या देवू कंपनीशी करार करून १३० जणांना शिकायला कोरियात पाठवलं. परत आलेल्यांपैकी बरेच जण पुढे बाहेर पडले, त्यांनी स्वतःचे कारखाने काढले आणि ही विद्या पसरली. पुढच्या तीन-साडेतीन दशकांत या उद्योगात चाळीस लाखांच्या आसपास कामगार आले. त्यात बहुसंख्य बायका, त्याही खेड्यांतून आलेल्या. देशाच्या निर्यातीत कपड्यांचा वाटा ऐंशी टक्क्यांच्या वर गेला.

ज्या समाजात तरण्या मुलीनं एकटीनं घराबाहेर पडणं हीच मोठी गोष्ट होती, तिथे ढाका परिसरातल्या मीरपूर, आशुलिया, गाझीपूरच्या रस्त्यांवरून रोज सकाळी हजारो मुली घोळक्यानं कामावर जाऊ लागल्या. रेचल हीथ आणि मुश्फिक मोबारक या अर्थशास्त्रज्ञांनी कारखान्यांजवळची आणि कारखान्यांपासून लांबची गावं ताडून पाहिली. कारखान्याजवळच्या गावांत मुलींची लग्नं आणि पहिली बाळंतपणं उशिरा होत होती, आणि मुली जास्त वर्षं शाळेत राहत होत्या. हिशेब करता येणाऱ्या मुलीला कारखान्यात चांगली नोकरी मिळते, हे एकदा आईबापांना दिसलं की मुलीचं शिक्षण हा फुकटचा खर्च वाटेनासा होतो. हा बदल कुठल्याही एथिकल ब्रँडनं घडवलेला नाही. स्वस्तातले टी-शर्ट आणि पॅन्ट शिवणाऱ्या, कोंदट, गोंगाटाच्या कारखान्यांनी तो घडवला. एथिकल फॅशनच्या बाजूनं बोलणाऱ्या प्रत्येकानं ही गोष्ट आधी पचवायला हवी. ती टाळून केलेला युक्तिवाद पोकळ राहतो.

मग कारखाने येऊ द्यात, बाकी सगळं आपोआप होईल, असं म्हणावं का? तसंही नाही. इथिओपियात क्रिस्तोफर ब्लॅटमन आणि स्टेफान डेरकॉन यांनी पाच कारखान्यांत नोकरीसाठी अर्ज केलेल्या जवळपास हजार जणांचा अभ्यास केला. त्यांत बहुतेक तरुण बायका होत्या. चिठ्ठ्या टाकून काहींना नोकरी दिली गेली, काहींना धंद्यासाठी सुमारे ३०० डॉलर आणि थोडं प्रशिक्षण, आणि काहींना काहीच नाही. नोकरी मिळालेल्यांपैकी बहुतेकांनी वर्षभरात ती सोडली. पगार बाहेरच्या फुटकळ कामांपेक्षा जास्त नव्हता आणि तब्येतीचे त्रास मात्र वाढले. रोख रक्कम मिळालेल्यांची कमाई त्यांच्यापेक्षा बरी वाढली. म्हणजे कारखाना आला की बाई उभी राहते हेही सगळीकडे खरं ठरत नाही. तो कारखाना कुठल्या अटींवर आला आहे, यावर ते ठरतं.

दूर बसून नुसता राग धरण्यानं काय होतं, त्याचाही धडा बांगलादेशानं मोजून दिला आहे. अमेरिकेचे सिनेटर टॉम हार्किन यांनी बालमजुरीतून बनलेला माल आयात करायला बंदी घालणारं विधेयक १९९२ मध्ये आणलं आणि १९९३ मध्ये पुन्हा मांडलं. ते मंजूर झालंच नाही. पण नुसत्या भीतीनं कारखानदारांनी सुमारे ५०,००० मुलांना, बहुतांशी मुलींना, कामावरून काढलं. ती मुलं शाळेत गेली असती तर गोष्ट वेगळी होती. युनिसेफनं मागोवा घेतला तेव्हा त्यांतली कित्येक जणं खडी फोडायला, रस्त्यावर फिरून काहीबाही विकायला, काही वेश्याव्यवसायात गेलेली आढळली. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि युनिसेफ यांनी करार केला, मुलांसाठी शाळा काढल्या, विद्यावेतन ठरवलं, तेव्हा थोडी सावरासावर झाली. म्हणूनच बांगलादेशी कपड्यांवर बहिष्कार टाकावा का, असं अमेरिकेत विचारलं गेलं तेव्हा बांगलादेशातल्या कामगार नेत्या कल्पना अख्तर यांनी ठाम नकार दिला. त्या बाराव्या वर्षी कारखान्यात लागल्या, संघटना बांधली म्हणून नोकरीतून गेल्या आणि २०१० मध्ये तुरुंगातही गेल्या. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आम्हाला या नोकऱ्या हव्या आहेत, पण माणसासारख्या हव्या आहेत. परदेशातल्या बायकांना मदत करू पाहणाऱ्यानं त्या बायकांनी स्वतः काय मागितलंय ते आधी ऐकायला हवं.

आता राणा प्लाझा.

ढाक्याजवळ सावारमध्ये आठ मजल्यांची ही इमारत होती. खाली दुकानं आणि एका बँकेची शाखा, वर कपड्यांचे पाच कारखाने. २३ एप्रिल २०१३ रोजी भिंतींना आणि खांबांना मोठ्या भेगा पडल्या. इमारत धोकादायक असल्याचं सांगितलं गेलं, माणसं बाहेर काढली गेली. दुसऱ्या दिवशी बँकेनं आपल्या कर्मचाऱ्यांना बोलावलं नाही आणि दुकानंही बंद राहिली. कारखान्यांतल्या बायकांना मात्र बोलावलं गेलं. आत जायला कां-कूं करणाऱ्यांना महिन्याचा पगार बुडेल अशी धमकी मिळाली. सकाळी वीज गेली, वरच्या मजल्यांवरचे जनरेटर सुरू झाले आणि इमारत कोसळली. १,१३४ माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली.

भेग एकच, इमारत एकच. बँकेतला कारकून त्या दिवशी घरी राहिला आणि शिवणयंत्रावरची बाई आत गेली. तिला भेग दिसली नव्हती असं नाही. भेगेला ती कारकुनाइतकीच घाबरली होती. पण ‘मी आत जाणार नाही’ हे वाक्य उच्चारायची किंमत तिला परवडणारी नव्हती, कारण तिच्या पाठीशी कोणी नव्हतं. त्या पाचही कारखान्यांत कामगार संघटना नव्हती. एक वर्षापूर्वीच, एप्रिल २०१२ मध्ये, आशुलियात संघटनेचं काम करणाऱ्या अमिनूल इस्लाम यांचं छळ केलेलं प्रेत टांगाईल जिल्ह्यात सापडलं होतं. त्या भागात संघटना बांधणं किती जोखमीचं होतं हे त्यावरून कळावं. तिथे तयार होणारा माल युरोप-अमेरिकेतल्या नावाजलेल्या दुकानांत जात होता, आणि त्या दुकानांच्या आचारसंहिता छापील स्वरूपात उपलब्ध होत्या.

राणा प्लाझानंतर महिन्याभरात जे झालं त्याला मी एथिकल फॅशनच्या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मानतो, जरी त्यावर हसऱ्या बाईचा एकही फोटो नव्हता. मे २०१३ मध्ये ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात ‘अ‍ॅकॉर्ड’ नावाचा करार झाला. इंडस्ट्रीऑल आणि युनि या दोन जागतिक संघटना, बांगलादेशातल्या संघटना, आणि पुढे दोनशेहून जास्त कंपन्या त्यात आल्या. ब्रँडला त्यात सही करून बांधून घ्यावं लागलं: स्वतंत्र अभियंत्यांकडून तपासणी, तपासणीचे अहवाल जाहीर, दुरुस्तीला पैसे उपलब्ध होतील अशी व्यवस्था, जो कारखाना दुरुस्ती करणार नाही त्याच्याकडून माल घेणं बंद. आणि कामगाराला धोकादायक जागी काम नाकारायचा हक्क. ब्रँडनं शब्द मोडला तर संघटना त्याला लवादासमोर खेचू शकत होती. खेचलंही. हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे गेलेल्या एका प्रकरणात २०१८ च्या जानेवारीत एका बड्या ब्रँडनं २३ लाख डॉलर द्यायचं कबूल करून तडजोड केली. सुमारे सोळाशे कारखान्यांत आणि वीस लाख कामगारांपर्यंत हा करार पोचला. विजेच्या उघड्या तारा, कुलूपबंद दारं, वरून लादलेले मजले यांची हजारोंनी दुरुस्ती झाली. वॉलमार्ट आणि गॅप या अमेरिकी कंपन्यांनी मात्र यात सही केली नाही. त्यांनी संघटनांना करारातला पक्ष न मानणारी स्वतःची वेगळी व्यवस्था काढली. हा फरक कोणाला तांत्रिक वाटेल, पण सगळा प्रश्न तिथेच आहे. स्वतःच्या मनानं पाळायचा शब्द आणि मोडल्यास दंड होणारा शब्द यांचं वजन सारखं नसतं.

अशा अटी लादल्या तर माल महागेल, खरेदीदार दुसऱ्या देशात जातील आणि त्याच गरीब बायका उघड्यावर पडतील, हा आक्षेप नेहमी येतो. तो घेणारे सगळेच मालकांचे वकील नसतात. काहींना मनापासून ही काळजी वाटते. पण घडलं काय? २०१२-१३ मध्ये बांगलादेशची तयार कपड्यांची निर्यात साडेएकवीस अब्ज डॉलरच्या आसपास होती. अ‍ॅकॉर्डची अंमलबजावणी ऐन भरात असतानाच्या सहा वर्षांत ती ३४ अब्जांवर गेली. खरेदीदार पळाले नाहीत. सगळ्यांना एकाच वेळी एकच नियम लागू झाला की पळायला कारण उरत नाही.

तरीही अ‍ॅकॉर्डनं बाईचा जीव वाचवला, तिचं पोट भरलं नाही. बांगलादेशात कपडे उद्योगाचं किमान मासिक वेतन २००६ मध्ये १,६६२ टका होतं, २०१० मध्ये ३,००० झालं, राणा प्लाझानंतर ५,३००, २०१८ च्या शेवटी ८,००० आणि २०२३ च्या डिसेंबरपासून १२,५००. या प्रत्येक आकड्यामागे रस्त्यावर उतरलेली माणसं आहेत. शेवटच्या वेळी संघटनांची मागणी २३,००० टक्यांची होती, कारण पाच वर्षांत तांदूळ, तेल, खोलीभाडं सगळंच भडकलं होतं. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२३ च्या त्या आंदोलनात चार कामगार मारले गेले आणि हजारो जणांवर खटले भरले गेले. वेतन ठरवणाऱ्या सरकारी मंडळानं मागणीच्या निम्म्याच्या जरा वर आकडा जाहीर केला. बाहेरून येणाऱ्या ऑर्डरची किंमत वाढत नाही तोवर याहून जास्त देता येणार नाही, असं कारखानदार म्हणाले. ते अगदीच खोटंही नव्हतं.

कारण किंमत ठरते दूरवर. कपडे कामगारांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या क्लीन क्लोथ्स कॅम्पेननं मांडलेल्या एका हिशेबात २९ युरोच्या टी-शर्टमध्ये तो शिवणाऱ्या कामगारांच्या वाट्याला १८ सेंट येतात. म्हणजे एक टक्कासुद्धा नाही. हे पैसे दुप्पट केले तरी गिऱ्हाइकाला जेमतेम कळेल. पण ब्रँडच्या कचेरीत एक विभाग आचारसंहिता लिहितो आणि दुसरा विभाग मालाचा भाव पाडतो, मुदत आवळतो. ओव्हरटाइम करून घेऊ नका असं सांगणारी आणि दोन आठवडे आधी माल पाठवा असं सांगणारी अशी दोन पत्रं एकाच कंपनीकडून एकाच कारखान्यात पोचतात. कारखानदार दुसरं पत्र पाळतो, कारण पैसे त्या पत्रावर अवलंबून असतात. मार्च २०२० मध्ये तर कहर झाला. कोविडची टाळेबंदी लागताच पाश्चात्त्य कंपन्यांनी बांगलादेशातल्या सुमारे ३ अब्ज डॉलरच्या ऑर्डर रद्द केल्या किंवा लांबवल्या. त्यांतला काही माल शिवून तयार होता, कापडाचे पैसे कारखानदारानं आधीच भरले होते. लाखो बायका हातात काही न पडता गावाला परतल्या. आदल्या वर्षीच्या अहवालांत महिला सक्षमीकरणावर पानंच्या पानं लिहिणाऱ्या कंपन्याही ऑर्डरी मोडणाऱ्यांत होत्या. जगभरातल्या कार्यकर्त्यांनी नावं घेऊन पाठपुरावा केला, तेव्हा त्यांतल्या कित्येकींनी पैसे दिले.

मजुरी कुठून ठरवायची, गिऱ्हाइकाच्या खिशापासून की कामगाराच्या गरजेपासून, हा वाद आपल्या मातीतही एकदा मुळापासून झाला आहे. १९३५ मध्ये गांधीजींनी चरखा संघाला सूत कातणाऱ्या बायांची मजुरी वाढवायला लावली. तोवर खादी स्वस्त राहावी, खपावी म्हणून कातणारीच्या हातावर नाममात्र पैसे ठेवले जात. मजुरी वाढवली तर खादी महाग होईल, शहरातला गिऱ्हाईक जाईल आणि शेवटी त्या बायांचंच नुकसान होईल, असं सांगणारे कार्यकर्ते होते. अगदी आज ब्रँड सांगतात तेच. गांधीजींनी ते मानलं नाही. आठ तास नीट काम करणाऱ्या बाईचं निदान अन्नवस्त्र भागेल इतकी मजुरी दिलीच पाहिजे, असा ठराव त्या वर्षी वर्ध्याला झाला. त्याच सुमारास विनोबा नालवाडीला रोज तासन्‌तास कातून, त्यातून मिळणाऱ्या मजुरीत आपलं भागतं का हे स्वतः जगून बघत होते. खादीचा पुढचा इतिहास सगळा गौरवाचा नाही. पण हिशेबाची दिशा त्यांनी अचूक धरली होती: आधी कातणारीचा संसार, मग कापडाचा भाव. आजच्या एथिकल फॅशनमध्ये हा प्रश्न पहिल्या पानावर असायला हवा. तो सहसा शेवटच्या पानावर असतो, किंवा नसतोच.

कारखान्यांपलीकडे एक दुसरी एथिकल फॅशन आहे: हातमागाची, भरतकामाची, नक्षीकाँथा या बंगाली गोधडीकामाची. पाश्चात्त्य मासिकांत हिचेच फोटो जास्त येतात. तिच्यातही दोन रस्ते आहेत.

राजशाही जिल्ह्यात पद्मेच्या काठी थानापाडा नावाचं गाव आहे. १३ एप्रिल १९७१ रोजी पाकिस्तानी सैन्यानं या गावातल्या पुरुषांची कत्तल केली आणि गाव विधवांचं झालं. स्वीडनच्या ‘स्वॅलोज’ या संस्थेनं मुक्तियुद्धानंतर तिथे काम सुरू केलं. बायकांनी हातमाग, ठसेछपाई, भरतकाम शिकून घेतलं, पोरांसाठी शाळा आणि पाळणाघर झालं, आणि पुढे फेअर ट्रेडच्या, म्हणजे कारागिराला रास्त मोबदला देणाऱ्या व्यापाराच्या, वाटेनं त्यांचे कपडे जपान आणि ब्रिटनमध्ये गेले. हे काम खरं आहे, मोलाचं आहे, आणि कोणी त्याला दिखाऊ म्हटलं तर मला ते पटणार नाही. पण त्या कपड्यांचा एक मोठा खरेदीदार असलेल्या पीपल ट्री या ब्रँडची ब्रिटनमधली कंपनी २०२३ मध्ये बंद पडली. ब्रँड प्रामाणिक होता की नाही हा इथे मुद्दा नाही. फेअर ट्रेडची वाट चांगली असली, तरी हजारो कोसांवरच्या मोजक्या गिऱ्हाइकांच्या आवडीवर गावाचं पोट टांगलेलं असेल, तर तिकडे बाजार बसला की इकडे माग थांबतात.

आता आडाँगची गोष्ट घ्या. फझले हसन आबेद यांच्या ब्रॅक या संस्थेनं माणिकगंजमध्ये बायकांना रेशीम करायला लावलं, पण ढाक्यातले दुकानदार माल विकला गेल्यावर, महिनोनमहिने उशिरा पैसे देत. हातावर पोट असलेल्या बाईला हे परवडत नव्हतं. म्हणून १९७८ मध्ये संस्थेनं स्वतःचं दुकान काढलं: माल दिला की लगेच पैसे, पुढे तो विकायची जबाबदारी दुकानाची. आज ६५,००० च्या आसपास कारागीर आडाँगशी जोडलेले आहेत, त्यांत बहुतेक बायका. आणि गिऱ्हाईक कोण? ईदच्या आधी दुकानात गर्दी करणारा बांगलादेशचा स्वतःचा मध्यमवर्ग. तो दया म्हणून घेत नाही. त्याला त्या साड्या, ते कुर्ते आवडतात, आपले वाटतात. संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार केंद्रानं केनियापासून सुरू केलेल्या एथिकल फॅशन उपक्रमाचं घोषवाक्य ‘दान नको, फक्त काम’ अशा आशयाचं आहे. मला ते आवडतं, पण आडाँगकडे बघून त्यात भर घालावीशी वाटते: काम, वेळेवर पैसे आणि जवळचा बाजार. यांतलं वेळेवर पैसे हे सर्वांत नीरस आणि सर्वांत महत्त्वाचं. कारागीर बाई सावकाराच्या दारात जाते ती मजुरी कमी आहे म्हणून जेवढी, तेवढीच ती उशिरा मिळते म्हणूनही.

बायकांच्या बळाविषयी बोलताना आणखी एक गोष्ट दडपली जाते, ती म्हणजे कारखान्यातला लैंगिक छळ. आफ्रिकेतल्या लेसोथो या चिमुकल्या देशात जीन्स शिवणाऱ्या एका तैवानी कंपनीचे कारखाने होते. नोकरी टिकवायची तर सुपरवायझर म्हणेल ते करावं लागतं, हे तिथल्या बायकांनी वर्कर राइट्स कन्सॉर्शियम या कामगार हक्कांच्या संस्थेच्या तपासात सांगितलं. ब्रँडची माणसं वर्षानुवर्षं तिथे तपासणीला येत होती आणि त्यांच्या कागदांवर यातलं काही उतरलं नव्हतं. मालकाच्या खोलीत, मालकानं निवडलेल्या बायकांना विचारलं तर कोण काय सांगणार? २०१९ च्या ऑगस्टमध्ये लिव्हाईजसह तीन अमेरिकी ब्रँड, ती कंपनी, तिथल्या कामगार संघटना आणि स्त्री-संघटना यांच्यात बंधनकारक करार झाला. तक्रारी ऐकायला मालकापासून स्वतंत्र अशी समिती आली आणि तिचा निर्णय पाळला नाही तर ऑर्डर कमी होतील अशी अट आली. तमिळनाडूत दिंडिगुलच्या एका कारखान्यातल्या तरुण दलित कामगार मुलीचा तिच्या सुपरवायझरनं खून केल्यावर, एप्रिल २०२२ मध्ये तसाच करार झाला. तो घडवून आणणारी संघटना दलित बायकांच्या नेतृत्वाखालची आहे. या करारांपूर्वी दोन्हीकडे आचारसंहिता होत्या, भिंतीवर लावलेल्याही होत्या.

महाराष्ट्रातल्या वाचकानं यात पडावं का? पडावं, कारण आपण या व्यवहारात आहोतच. भारतातून बाहेर जाणाऱ्या कापसाचं आणि सुताचं बांगलादेश हे मोठं गिऱ्हाईक आहे. २०११ पासून तिथले कपडे आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर शुल्काशिवाय येतात, आणि पुण्या-मुंबईच्या मॉलमधल्या, एव्हाना नाशिक-नागपूरच्याही, कितीतरी शर्टांच्या आत ‘मेड इन बांगलादेश’ची पट्टी असते. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारनं बांगलादेशी तयार कपड्यांसाठी जमिनीवरची नाकी बंद केली आणि फक्त दोन बंदरं खुली ठेवली: कोलकाता आणि आपलं न्हावा शेवा. हा निर्णय दोन सरकारांच्या ताणलेल्या संबंधांतून आला. त्यात सावारच्या बाईचा विचार दोन्हीकडे कोणी केला नाही. पण त्यामुळे एवढं झालं की तिनं शिवलेला भारताच्या वाट्याचा बराच माल आता रायगड जिल्ह्यात उतरतो.

आपल्याकडची परिस्थितीही बघावी. सोलापुरात शाळेचे गणवेश शिवणाऱ्या, घरी बसून काजं-बटणं करणाऱ्या, पीस रेटवर गठ्ठे आणून रात्री शिलाई मारणाऱ्या बायका आहेत. त्यांच्याकडे करार नसतो, कागदावर त्या कामगारही नसतात. ढाक्यातल्या बाईला कधीतरी अ‍ॅकॉर्डचं संरक्षण तरी मिळालं. बाहेरच्या गरिबीविषयी बोलणाऱ्यानं घरची गरिबी झाकू नये, आणि घरचा दाखला देऊन बाहेरच्या बाईचा प्रश्न उडवूनही लावू नये. दोघींची मागणी शब्दशः एकच आहे.

फ्रान्सनं राणा प्लाझाच्या धक्क्यातून २०१७ मध्ये कायदा करून मोठ्या कंपन्यांना परदेशातल्या पुरवठादारांकडच्या अन्यायासाठी उत्तरदायी धरलं. जर्मनीचा कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघानं २०२४ मध्ये सामायिक नियम केले आणि लगेच उद्योगांच्या दबावाखाली ते सौम्य करायला घेतले. वारं उलटं फिरतं आहे, म्हणून तर आता गिऱ्हाइकानं कार्डावरच्या फोटोवर समाधान मानू नये. भारतातल्या किरकोळ विक्रीच्या साखळ्याही आता मोठ्या खरेदीदार आहेत. त्यांना त्यांच्या कारखान्यांची नावं जाहीर करायला सांगता येतं; युरोपातल्या कित्येक ब्रँडनी ती केव्हाच जाहीर केली आहेत. माल हातात आल्यावर किती दिवसांत पैसे देता, ऑर्डर मोडली तर कापडाचे आणि शिलाईचे पैसे कोण भरतं, तक्रार करणाऱ्या बाईला कामावरून काढलं तर तुम्ही काय करता, हे भागधारकांच्या सभेत विचारता येतं, ग्राहक म्हणून लेखी विचारता येतं, ग्राहक पंचायतीमार्फत विचारता येतं. अ‍ॅकॉर्डवर सह्या करणाऱ्या कंपन्यांची यादी कोणालाही बघता येते. तुम्ही ज्या दुकानातून कपडे घेता त्याच्या मालक कंपनीचं नाव त्या यादीत शोधा, आणि सापडलं नाही तर का नाही, ते त्या कंपनीला लेखी विचारा.